कोर्ट सोडलेला वकील

विष्णुपुरीत विद्यापीठ आहे आणि मेडिकल कॉलेजही. विद्यापीठ स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचं, कॉलेज डॉ. शंकरराव चव्हाणांच्या. ही दोन नावं तुम्ही मार्कशीटवर, बसच्या पाटीवर रोज वाचता. पण त्यांचं एकमेकांशी नातं काय, हे कधी कुणी सांगितलंय?

शंकरराव १४ जुलै १९२० रोजी पैठणला जन्मले. हैदराबादला उस्मानिया विद्यापीठात एलएलबी केलं, वकिली सुरू झाली. तेवढ्यात निजामाविरुद्धचा लढा पेटला. स्वामीजींच्या नेतृत्वाखाली न्यायालयांवर बहिष्काराची हाक आली आणि या तरुण वकिलानं कोर्ट सोडलं. हातात डिग्री, जम बसू पाहणारा धंदा, आणि पुढं काय याचा पत्ता नाही. आज कॅम्पस मुलाखतीआधी पोटात गोळा येतो ना? तसंच काहीसं वाटलं असेल.

पुढं नांदेडची नगरपालिका, मग मुंबईत मंत्रिपद. पाटबंधारे खातं मिळालं आणि त्यांना आपला खरा विषय सापडला: पाणी. बीड जिल्ह्यातल्या जायकवाडी गावाजवळ ठरलेलं धरण पैठणला आलं, नाव तेवढं जुनंच राहिलं. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली, १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी उद्घाटन. तेव्हा मुख्यमंत्री होते शंकररावच. अर्थात त्या धरणाखाली कितीतरी गावं गेली. आणि ते मुख्यमंत्री होते तो काळ आणीबाणीचा, हेही सांगायलाच हवं. शिस्त इतकी कडक की लोक त्यांना 'हेडमास्तर' म्हणत. १९८६ ते ८८ पुन्हा मुख्यमंत्री, नंतर देशाचे गृहमंत्री.

लातूरकरांनो, तुमच्याकडेही वकिलांची कमी नाही. शिवाजीराव निलंगेकर आणि विलासराव देशमुख दोघंही कायदा शिकलेले, दोघंही मुख्यमंत्री. चाकूरचे शिवराज पाटील तर पंजाबचे राज्यपाल झाले. तरी एप्रिल २०१६ मध्ये मांजरा धरण कोरडं पडलं आणि मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. तेव्हा तुम्ही शाळेत असाल. घागरींची रांग आठवत असेल.

नांदेडच्या नळाला मात्र विष्णुपुरीचं पाणी येतं. त्या जलाशयाचं नाव शंकर सागर. कॉलेजपासून लांब नाही, एखादा लेक्चर ऑफ असला की बघून या.