हरणाऱ्या पोरांची टीम : ‘इंडियन ॲरोज’नं काय कमावलं?

वडूजच्या एसटी स्टँडजवळ चहा घेताना ओळखीच्या एका अब्बांनी आम्हाला विचारलं, “पोरगं सातवीत आहे. दिवसभर नुसतं बॉल-बॉल करतं. यात पुढं काही आहे का, का उगं गुडघे फोडून घ्यायचे?”

आमच्या खटाव तालुक्यात पोरगं कुस्तीत असेल तर बाप तालमीचा पत्ता सांगतो आणि क्रिकेटमध्ये असेल तर सगळं गावच सल्ला देतं. फुटबॉलचं मात्र कुणालाच धड माहीत नसतं. २०१७ साली १७ वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात झाला, तेव्हा सरकारनं राज्यभरच्या शाळांना फुटबॉल वाटले होते. १५ सप्टेंबरला सगळीकडे पोरं खेळली, फोटो निघाले. पुढं बॉलमधली हवा गेली आणि विषयही मागं पडला.

त्या अब्बांचा प्रश्न दोन वाक्यांत संपणारा नव्हता. म्हणून त्यांना एका टीमची गोष्ट सांगितली. आज ही टीम अस्तित्वात नाही, पण आपल्या देशात १७-१८ वर्षांच्या फुटबॉलपटूचं नेमकं कुठं अडतं ते तिच्याकडे बघून कळतं.

या टीमचं नाव इंडियन ॲरोज. अखिल भारतीय फुटबॉल महासंघानं ती २०१० मध्ये उभी केली. तेव्हा राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक बॉब हॉटन होते. त्यांचं दुखणं सरळ होतं. आय-लीगमधले क्लब गोल करायला परदेशी स्ट्रायकर आणायचे आणि आपली होतकरू पोरं बाकावर बसून मॅच बघायची. सराव कितीही केला तरी मोठ्यांच्या मॅचमध्ये धक्के खाल्ल्याशिवाय खेळाडू पिकत नाही. मग महासंघानंच तरुण पोरांचा एक संघ बांधला, त्यात एकही परदेशी घेतला नाही आणि तो थेट देशातल्या सगळ्यात मोठ्या लीगमध्ये सोडला. समोर ध्येय ठेवलं होतं २०१८ च्या विश्वचषकाची पात्रता. सुरुवातीला नाव होतं ‘एआयएफएफ इलेव्हन’, पुढं ‘इंडियन ॲरोज’ झालं. पहिले प्रशिक्षक इंग्लंडचे डेस्मंड बुल्पिन.

पहिल्याच मोसमात या पोरांनी १४ संघांत नववा नंबर मिळवला. मिझोरामच्या जेजे लालपेखलुआनं १३ गोल केले. त्या वर्षी कुठल्याच भारतीय खेळाडूचे लीगमध्ये एवढे गोल नव्हते. याच संघात मुंबईचा बचावपटू राजू गायकवाड होता. त्याची लांब थ्रो-इन अर्ध्या कॉर्नर किकच्या तोडीची असायची. गोलकीपर गुरप्रीतसिंग संधूही इथं खेळून गेला. तो पुढं भारताचा कप्तान झाला.

२०११ मध्ये पैलान ग्रुप प्रायोजक म्हणून आला. टीम कोलकात्याला गेली आणि ‘पैलान ॲरोज’ झाली. खेळ मात्र घसरला. चांगली पोरं मोठ्या क्लबांनी उचलली, नवी घडेपर्यंत मोसम संपायचा. प्रीतम कोटाल, प्रणय हलदार ही नावं त्याच काळातली. २०१३ मध्ये पैशाची सोय उरली नाही आणि टीम बंद झाली. २०१८ चं स्वप्नही तिथंच राहिलं.

आता कोल्हापूरकडे वळतो, कारण पुढचा भाग आपल्या दाराशी येतो. वडूजहून कोल्हापूर काही परदेश नव्हे. तिथं शाहू स्टेडियमवर पाटाकडील, खंडोबा, दिलबहार अशा तालमींच्या टीम उतरल्या की पेठाच्या पेठा गॅलरीत असतात. तालीम कुस्तीची आणि टीम फुटबॉलची, हे गणित बाहेरच्याला पटकन कळत नाही. अनिकेत जाधव हा मुलगा याच कोल्हापूरचा. वडील रिक्षा चालवायचे. पोरगं राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत गेलं, पुण्यात शिकलं आणि तिथून भारताच्या १७ वर्षांखालच्या संघात पोचलं.

२०१७ च्या त्या विश्वचषकात भारत तिन्ही मॅच हरला. अमेरिकेकडून ०-३, कोलंबियाकडून १-२, घानाकडून ०-४. कोलंबियाविरुद्ध जॅक्सन सिंगनं हेडरनं केलेला गोल हा फिफाच्या कुठल्याही विश्वचषकातला भारताचा पहिला गोल. पोरं रडली, देशानं टाळ्या वाजवल्या. मग प्रश्न आला की पुढं काय? शाळेच्या वयाची ही मुलं क्लबात विखुरली तर पुन्हा बाकावरच बसणार होती. म्हणून महासंघानं चार वर्षांपूर्वी गुंडाळलेली ॲरोज पुन्हा उघडली.

नव्या ॲरोजची पहिली मॅच २९ नोव्हेंबर २०१७ ला गोव्यात चेन्नई सिटीशी झाली. समोर दाढीमिशा आलेले गडी, त्यात परदेशीही. पोरांनी ३-० नं जिंकली. त्यातले दोन गोल कोल्हापूरच्या अनिकेतचे! पुढच्याच महिन्यात दिल्लीत शिलाँग लाजाँगला ३-० नं हरवताना नोंगदांबा नाओरेमनं एकामागून एक बचावपटू चकवत गोल केला. ती क्लिप आजही फिरते. पण सगळा मोसम असा गेला नाही. १८ मॅचमध्ये ४ जिंकल्या आणि १० संघांत शेवटचा नंबर आला. इतर संघाला अशा वेळी खालच्या डिव्हिजनला जावं लागतं. ॲरोजला त्यातून सूट होती. इतर क्लबांना ते खुपायचं आणि त्यांचं चुकीचं होतं असंही नाही. लीगमध्ये एकाला हरण्याची शिक्षा आणि दुसऱ्याला माफी, हे न्यायाला धरून नाही. तरी ही सूट नसती तर १८ वर्षांच्या पोराला चुका करायला जागाच मिळाली नसती, असं आम्हाला वाटतं.

त्या चुकांची किंमत काय मिळाली, ते ऑगस्ट २०१८ मध्ये दिसलं. स्पेनमधल्या कोटिफ स्पर्धेत भारताच्या २० वर्षांखालच्या संघानं अर्जेंटिनाला २-१ नं हरवलं, तेही बराच वेळ दहाच खेळाडू मैदानात असताना. प्रशिक्षक फ्लॉइड पिंटो होते. ॲरोजचेही तेच, आणि खेळाडूही बहुतेक तिथलेच. दुसरा गोल अन्वर अलीच्या फ्री किकवर झाला.

या अन्वर अलीबद्दल आईबापांनी जरूर वाचावं. पंजाबात जालंधरजवळच्या गावातला हा मुलगा, बचावपटू, ॲरोजचा आधारस्तंभ. २०१९ मध्ये तपासणीत त्याच्या हृदयाचा स्नायू जाड असल्याचं निघालं. अशा आजारात खेळता खेळता जीव जाऊ शकतो. २०२० मध्ये महासंघानं त्याला सराव थांबवायला सांगितलं. वय जेमतेम २० आणि खेळ हीच रोजीरोटी. तो दिल्ली उच्च न्यायालयात गेला, तज्ज्ञांकडून तपासण्या झाल्या आणि २०२१ मध्ये तो मैदानात परतला. मार्च २०२२ मध्ये भारताच्या मुख्य संघातून खेळला, जूनमध्ये कोलकात्यात हाँगकाँगविरुद्ध गोलही केला. त्याचं नशीब चांगलं होतं, पण आधी त्याची तपासणी झाली होती हे विसरू नका. पोराला खेळायला पाठवताना बुटांवर दोन हजार घालतो, तर एकदा डॉक्टरांना दाखवून ईसीजीही काढून घ्यावा. घरात कुणाचा तरुण वयात अचानक इंतकाल झाला असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावं.

त्याच संघातला रहीम अली बंगालचा. ॲरोजमधून चेन्नईयिन एफसीत आणि तिथून भारताच्या मुख्य संघात गेला. आकाश मिश्रा, सुरेश सिंग, लालेंगमाविया ही पोरंही याच वाटेनं वर आली. २०१९-२० मध्ये ॲरोजच्या काही मॅच मुंबईत कूपरेजवर झाल्या, तेव्हा प्रशिक्षक षण्मुगम व्यंकटेश होते. २०२२ मध्ये मुलींचाही ॲरोज संघ भारतीय महिला लीगमध्ये उतरला.

आणि त्याच वर्षी सप्टेंबरात महासंघानं ॲरोज बंद केली. आय. एम. विजयन यांच्या तांत्रिक समितीचं म्हणणं असं की एका टीमवर पैसा घालण्यापेक्षा देशभर मुलांची लीग चालवावी, म्हणजे तीसऐवजी शेकडो पोरं खेळतील. मुद्दा खोटा नाही. पण मुलांच्या लीगमध्ये पोरगं पोरांशीच खेळतं. मोठ्यांशी भिडायची जी सोय ॲरोजनं केली होती, ती आता क्लबांच्या मर्जीवर आली. आमच्या मते दोन्ही हवं होतं.

मग वडूजच्या पोरानं काय करायचं? अनिकेतची वाट अजून उघडी आहे. क्रीडा प्रबोधिनीच्या निवड चाचण्या जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयामार्फत होतात. त्यात उंची, वजन, धावणं, उडी, लवचीकपणा असं मोजतात. साताऱ्याच्या कार्यालयात तारखा विचारत राहायचं. शालेय स्पर्धेत शाळेची टीम उतरते का, हे सरांना विचारायचं. उतरत नसेल तर चार पालकांनी मिळून मागं लागायचं. दहावी-बारावी सोडायची नाही, कारण ॲरोजमध्ये गेलेल्यांपैकीही सगळेच मोठे झाले नाहीत.

आणि कागद! वयोगटाच्या फुटबॉलमध्ये वय चोरण्याचे प्रकार इतके झालेत की मनगटाच्या हाडाची तपासणी करून वय ताडतात. जन्मदाखला वेळेवर नोंदवलेला आणि नाव सगळीकडे एकच असलं पाहिजे. आपल्याकडे आजोबांच्या सातबाऱ्यावर मुलाणी, वडिलांच्या आधारवर मुल्ला आणि पोराच्या शाळेच्या दाखल्यावर तिसरंच काहीतरी असतं. शेखचं स्पेलिंग तर प्रत्येक कारकून आपापलं लिहितो. ऐन निवडीच्या दिवशी हे लक्षात आलं तर काही करता येत नाही.

हे ऐकून ते अब्बा जरा गप्प झाले. मग त्यांनी मोबाईलमधला पोराच्या आधारकार्डाचा फोटो काढला आणि शाळेचा दाखला आठवून बघितला. जन्मतारखेत दोन महिन्यांचा फरक. सोमवारी ते नगरपंचायतीत जन्मनोंद तपासायला जाणार आहेत. पोराला अजून यातलं काही सांगितलेलं नाही, ते क्लासवरून परस्पर मैदानात गेलं होतं.