व्यवसायाची निवड : मोजावयाचें काय ?

शालान्त परीक्षेचा निकाल लागला कीं घरोघरीं एकच प्रश्न उभा राहतो : मुलानें आतां काय व्हावें ? आजोबा, वडील, काका, मामा आपापलें मत देतात. आणि ज्याच्याविषयीं हा सारा ऊहापोह चालतो, तो पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा दाराच्या चौकटीशीं मुकाट्यानें उभा असतो. शेवटीं निर्णय होतो. पण तो कोणीं केला व कशाच्या आधारें केला, हें मागाहून कोणासच सांगतां येत नाहीं. विवाह ठरवितांना आपण चार ठिकाणीं चौकशी करतों. ज्या कामांत चाळीस वर्षें काढावयाचीं, तें काम मात्र एका संध्याकाळीं ठरून जातें!

संस्कृतांत 'वृत्ति' या एकाच शब्दाचे दोन अर्थ आहेत : मनाचा व्यापार हा एक, आणि उपजीविकेचें साधन हा दुसरा. या दोन वृत्तींची गांठ घालून देण्याचें शास्त्र गेल्या शतकाच्या आरंभीं अमेरिकेंत उदयास आलें. फ्रँक पार्सन्स या गृहस्थांनीं १९०८ सालीं बोस्टन शहरीं तरुणांस व्यवसाय निवडण्यास साहाय्य करणारी कचेरी काढली. त्यांचें सांगणें तीन शब्दांत येतें : स्वतःस ओळखा, व्यवसाय ओळखा, आणि मग दोहोंचा मेळ विचारानें घाला. पुढें १९२७ सालीं एडवर्ड स्ट्राँग यांनीं माणसाची आवड मोजणारी प्रश्नावली सिद्ध केली, आणि मापांचें युग सुरू झालें.

आपल्या महाराष्ट्रांतही असा प्रयोग झाला. २०१६ सालापासून कांहीं वर्षें राज्य सरकारनें, पुण्याच्या श्यामची आई फाउंडेशनच्या सहकार्यानें, दहावीच्या विद्यार्थ्यांची 'कल चाचणी' घेतली. कृषि, वाणिज्य, तांत्रिक, ललितकला, आरोग्य, मानव्यविद्या, गणवेशधारी सेवा अशा क्षेत्रांपैकीं मुलाचा ओढा कोणीकडे, हें ती सांगे. पुढें तिला अभिक्षमतेच्या चाचणीचीही जोड मिळाली. लक्षावधि मुलांस 'तुला काय आवडतें ?' असें सरकारनें विचारावें, ही गोष्ट लहान नव्हे. पुष्कळ घरांत तो प्रश्न त्यापूर्वीं कोणींच विचारला नव्हता.

तथापि आवड, योग्यता आणि निर्णय या तीन निरनिराळ्या वस्तु आहेत, हें पालकांनीं नीट ध्यानांत धरावें. गाणें आवडणें निराळें, गळा असणें निराळें, आणि गायक व्हावयाचें ठरविणें निराळें. पहिल्या दोहोंचें माप कल व अभिक्षमता यांच्या चाचण्या घेतात. तिसऱ्याकडे विद्वानांची दृष्टि त्या मानानें उशिरां वळली. १९७३ सालीं जॉन क्राइट्स यांनीं मुलाची निर्णय करण्याची परिपक्वता मोजण्याचा यत्न केला. १९९६ सालीं जेरुसलेमचे इटामार गाती व त्यांचे सहकारी यांनीं निर्णयाच्या आड येणाऱ्या अडचणींची प्रश्नावली प्रसिद्ध केली. तींत अडचणींचे मुख्य वर्ग तीन : मनाची तयारी नसणें, माहिती नसणें, आणि मिळालेली माहिती परस्परविरोधी असणें. मुलाची इच्छा एक व वडीलधाऱ्यांची दुसरी, ही अडचण या तिसऱ्या वर्गांत मोडते.

आमच्या पालघर-बोईसरकडे पाहिलें म्हणजे या वर्गीकरणाची सत्यता पटते. १९६९ सालीं तारापूरचें अणुवीजकेंद्र सुरू झालें; बोईसरच्या औद्योगिक वसाहतींत रसायनें, औषधें, पोलाद, कापड यांचे कारखाने उभे राहिले. तरीही तेथील मुलास विचारावें, तर 'कंपनींत लागणार' यापलीकडे उत्तर येत नाहीं. कंपनींत नेमकें कोणतें काम असतें, त्यास कोणतें शिक्षण लागतें, त्यांत जिवास धोका किती, याची त्यास वार्ता नसते. एका मुलीचा कल चाचणींत 'आरोग्य' या क्षेत्राकडे निघाला. घरच्यांनीं त्याचा अर्थ 'डॉक्टर' असा केला. तो खर्च झेपणारा नव्हता, म्हणून तिला वाणिज्य शाखेंत घातलें. परिचारिका, औषधनिर्माण, प्रयोगशाळेंतील तपासणी हीं कामेंही त्याच क्षेत्रांतलीं; आणि औषधांचे कारखाने तर तिच्या गांवाशेजारींच ! चाचणी चुकली नव्हती, माहिती नव्हती.

सातपाटी-मुरब्याच्या कोळ्याच्या मुलाची अडचण याहून बिकट. वाढवण बंदराचें भूमिपूजन ३० ऑगस्ट २०२४ रोजीं पालघरास झालें. त्या बंदरास मच्छीमारांचा विरोध अनेक वर्षांचा. वडिलांची होडी पुढें चालेल कीं नाहीं, हें वडिलांसच ठाऊक नाहीं. अशा वेळीं मुलगा 'अजून ठरलें नाहीं' म्हणाला, तर त्यास अपरिपक्व कोणत्या तोंडानें म्हणावें?

येथेंच परकीय मापांची मर्यादा दिसते. क्राइट्स यांच्या मापांत स्वतंत्रपणें ठरविणें हें प्रौढतेचें एक लक्षण धरलें आहे. आमच्या एकत्र कुटुंबांत वडिलांस विचारून ठरविणारा मुलगा त्या मापास उणा उतरावयाचा. परंतु विचारून ठरविणें आणि विचार न करतां मान डोलविणें, यांत फार अंतर आहे. पहिला मुलगा आज्ञाधारक असून प्रौढ असतो. दुसरा केवळ आज्ञाधारक. बाहेरून दोघे सारखे दिसतात, आणि म्हणूनच घरांतलीं माणसें फसतात.

तेव्हां सुज्ञ पालकांनीं मुलाचें उत्तर मोजूं नये. तें उत्तर त्यानें कसें काढलें, तें मोजावें. त्यास चार प्रश्न विचारावे. हें काम करणाऱ्या किती माणसांस तूं प्रत्यक्ष भेटलास ? त्या कामांतलें कंटाळवाणें काय, तें सांगतां येतें काय ? हें न साधलें तर दुसरा मार्ग कोणता ? आणि आम्हीं नको म्हटलें, तर तूं काय म्हणशील ? उत्तरें वहींत लिहून ठेवावीं, आणि सहा महिन्यांनीं तेच प्रश्न पुन्हां विचारावे. उत्तर बदललें म्हणून रागावूं नये. कारण सांगून बदललें असेल, तर तें प्रगतीचेंच चिन्ह होय.

मात्र नववींतच हा उद्योग आरंभावा. मधल्या सुट्टींत मुलास एखाद्या कारखान्याच्या प्रयोगशाळेंत, रुग्णालयांत, औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंत, चिकूच्या वाडींत नेऊन आणावें. जें कधीं पाहिलें नाहीं, त्याची आवड उपजणार कोठून ? आणि चौथ्या प्रश्नाचें उत्तर मुलगा देऊं लागला, म्हणजे वडील मंडळींनीं तें शेवटपर्यंत ऐकून घ्यावें. तें ऐकवलें नाहीं, तर मुलाच्या निर्णयशक्तीचें माप काढण्यापूर्वीं आपल्या घराचेंच माप काढणें उचित होईल.