किती उंचीवरून पडले, एवढंच विचारू नका

कुणी पडल्याचं कळलं की पहिला प्रश्न येतो, ‘कुठून पडले?’ ‘बाथरूममध्ये’ असं उत्तर आलं की विचारणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगभरात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडल्यामुळे दगावतात. अपघाती मृत्यूंच्या कारणांत रस्ते अपघातांच्या खालोखाल पडण्याचा क्रमांक लागतो आणि त्यात सर्वाधिक प्राण जातात ते साठी ओलांडलेल्यांचे. या वयातलं पडणं बहुतेकदा घरातलं, सपाट जमिनीवरचं असतं.

गैरसमज : वाचणं-न वाचणं उंचीवरच ठरतं.

वस्तुस्थिती : उंचीचा वाटा मोठा आहेच. तीन मीटरवरच्या पत्र्यावरून घसरलेला माणूस ताशी सुमारे २८ किलोमीटर वेगाने जमिनीवर आदळतो. पण इजा होते ती थांबताना. जितक्या कमी अंतरात शरीर थांबतं, तितका आघात जबर. अमेरिकी संशोधक ह्यू डी हेवन यांनी १९४२ मध्ये ५० ते १५० फुटांवरून पडूनही वाचलेल्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. खाली भुसभुशीत माती किंवा दबणारा पत्रा असल्याने त्यांना थांबायला काही इंच जास्त मिळाले होते आणि मार अंगभर वाटला गेला होता.

घरातली फरशी असा एक इंचही देत नाही. त्यात पडणाऱ्याचं वय झालेलं. तरुण माणूस हात टेकतो आणि मनगटावर निभावतं. वयस्कर माणूस कुशीवर कोसळतो, सगळा भार खुब्यावर येतो आणि तिथलं हाड आधीच ठिसूळ झालेलं असतं. पाळी थांबलेल्या स्त्रियांमध्ये हा धोका अधिक.

गैरसमज : पाऊल टाकता येतंय, म्हणजे मुका मार आहे.

वस्तुस्थिती : खुब्याचं हाड मोडूनही त्याचे तुकडे एकमेकांत रुतून बसले, तर माणूस लंगडत का होईना, चालतो. काही वेळा पहिल्या एक्स-रेमध्येही ही मोड दिसत नाही. जांघेत दुखत राहिलं आणि त्या पायावर भार देववत नसेल, तर एमआरआय किंवा सीटी स्कॅन करावा लागतो. पाय आखूड दिसू लागला, पाऊल बाहेरच्या बाजूला वळलं, तर मालीशवाल्याला बोलावू नये.

गैरसमज : डोकं आपटलं, पण शुद्ध गेली नाही, मग काळजी नाही.

वस्तुस्थिती : वयानुसार मेंदू थोडा आकसतो आणि मेंदूपासून त्याच्या आवरणाकडे जाणाऱ्या बारीक शिरा ताणल्या जातात. किरकोळ धक्क्यानेही त्या फाटतात आणि रक्त हळूहळू साठत जातं. दोन-तीन आठवड्यांनी माणूस विसरभोळा होतो, पेंगू लागतो, चालताना झोकांड्या खातो. घरचे म्हणतात, वय झालं. खरं तर वेळीच लक्षात आलं, तर कवटीला छिद्र पाडून हे रक्त काढता येतं आणि अनेक रुग्ण पूर्ववत होतात.

वॉरफरिन, क्लोपिडोग्रेलसारख्या, रक्ताची गुठळी होऊ न देणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर डोक्याला लागल्यावर लक्षणांची वाट पाहू नये, त्याच दिवशी रुग्णालय गाठावं. मात्र घाबरून त्या गोळ्या परस्पर बंद करणंही घातक ठरतं. तो निर्णय डॉक्टरांचा.

गैरसमज : या वयात कशाला ऑपरेशन? पडून राहिलं की हाड जुळेल.

वस्तुस्थिती : खुबा मोडलेल्या वयस्कर रुग्णांपैकी साधारण पाचातला एक ते तिनातला एक वर्षभरात दगावतो. मोडलेलं हाड सहसा जीव घेत नाही. घेतं ते अंथरूण. निजून राहिल्याने न्यूमोनिया होतो, पायांच्या शिरांत गुठळ्या होतात, पाठीला जखमा होतात, लघवीचा संसर्ग होतो. म्हणूनच शक्यतो ४८ तासांच्या आत शस्त्रक्रिया करून दुसऱ्या दिवशी रुग्णाला उभं करण्याचा प्रयत्न असतो. नुसतं वय हे शस्त्रक्रिया टाळायचं कारण नाही.

इथे तासातासाची शर्यतही नसते. १७ देशांतल्या २,९७० रुग्णांवर झालेला एक मोठा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. निदानानंतर सुमारे सहा तासांत शस्त्रक्रिया झालेल्यांच्या आणि सुमारे चोवीस तासांनी झालेल्यांच्या मृत्यूंत लक्षणीय फरक आढळला नाही. म्हणजे रक्तदाब, साखर, हृदय तपासायला एक दिवस गेला तरी चालतं. ‘मुलगा परदेशातून आल्यावर बघू’ म्हणत आठवडा घालवणं महागात पडतं.

गैरसमज : पडलेल्याला पटकन उठवून पाणी पाजावं.

वस्तुस्थिती : झाडावरून, परांचीवरून किंवा जिन्यावरून पडलेल्याला ओढून बसवू नये. टाचांवर आपटलेल्याच्या टाचेसोबत कमरेचा मणकाही मोडलेला असू शकतो. मान-पाठ न हलवता १०८ला फोन करावा. शस्त्रक्रियेची शक्यता असेल तर खाऊपिऊ घालू नये. वाहणारं रक्त कापडाने दाबून धरावं. श्वास थांबला असेल तर छातीवर दाब देणं आधी.

उलट धोका असतो एकट्या राहणाऱ्यांना. पडल्यावर उठता आलं नाही आणि तासन्‌तास तसंच पडून राहावं लागलं, तर दाबलेले स्नायू नासून त्यातली द्रव्यं रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. त्यामुळे फोन टेबलावर नव्हे, अंगावरच्या खिशात हवा.

गैरसमज : पडायची भीती आहे, तर चालणं-फिरणं कमी करावं.

वस्तुस्थिती : बसून राहिल्याने मांड्या अशक्त होतात, तोल बिघडतो आणि पडणं वाढतं. शंभराहून अधिक चाचण्यांच्या २०१९च्या एकत्रित आढाव्यात व्यायामामुळे पडण्याचं प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, ओट्याला धरून एका पायावर उभं राहणं, अशा तोल सांभाळण्याच्या व्यायामांचा उपयोग चांगला होतो. सोबत बाथरूममध्ये धरायला दांडी, रात्री दिवा, मोतीबिंदूचा इलाज आणि झोपेच्या गोळ्यांबाबत डॉक्टरांशी बोलणं.

एवढं करूनही कुणी पडलंच, तर डॉक्टरांना उंचीसोबत आणखी चार गोष्टी सांगा : पडण्याआधी चक्कर आली होती का, शरीराचा कोणता भाग आधी आपटला, किती वेळ जमिनीवर पडून होते आणि कोणत्या गोळ्या चालू आहेत. पुढचे उपचार बरेचसे या उत्तरांवरून ठरतात.