संघनकाचे खरे कार्य

विद्युतकेंद्रातील संघनक (वाफेचे पुन्हा पाणी करणारे पात्र) म्हणजे वाफ गार करण्याची तजवीज, असा समज सर्वत्र आढळतो. वस्तुतः शिजत्या भाताच्या झाकणाखाली थेंब जमतात त्याप्रमाणे येथेही वाफ अवस्था पालटते, तापमान जवळजवळ न उतरता सुप्त उष्णता (अवस्थांतरात दिली-घेतली जाणारी उष्णता) तेवढी बाहेर टाकते, आणि 100 अंश सेल्सिअसला ती दर ग्रॅममागे सुमारे 540 कॅलरी भरते.

तारापूरच्या अणुविद्युत केंद्रात समुद्राचे पाणी नळ्यांतून खेळते, टर्बाइनमधून सुटलेली वाफ नळ्यांवर येऊन पाणी बनते, आणि दोहोंची सरमिसळ होत नाही. असा पृष्ठसंघनक हा उष्णता-विनिमयकाचाच (दोन प्रवाह न मिसळता एकाची उष्णता दुसऱ्यास देणाऱ्या साधनाचा) प्रकार होय. मिश्रसंघनकात मात्र थंड पाण्याचे फवारे थेट वाफेत सोडतात.

परंतु या पात्राचे खरे मोल निराळेच आहे: वाफेचे पाणी होताच तिचे आकारमान हजारो पटींनी घटून आत निर्वातप्राय स्थिती उत्पन्न होते, 40 अंशांस दाब वातावरणाच्या सुमारे चौदाव्या हिश्श्यावर येतो, आणि तेवढ्याच वाफेकडून टर्बाइन कितीतरी अधिक काम वसूल करते. एवढे असूनही एखाद्या नळीस सुईएवढे छिद्र पडले, तरी खारे पाणी शुद्ध पाण्यात दाखल होते. म्हणून त्या पाण्यातील क्षारांची तपासणी अहोरात्र चालू ठेवावी लागते.