आर्म्सबींचा बैल आणि रात्रीचा कडबा

निफाडचा पारा पाच अंशांखाली गेल्याची बातमी छापून आली की गोठ्याविषयीचे प्रश्न सुरू होतात. त्यातला एक असा: दोन संकरित गाई आहेत, गोठा चारही बाजूंनी ताडपत्रीने बंद केलाय, सरकी पेंड वाढवलीय, आणखी काय करू? माझं उत्तर असं की उत्तरेची सोडून बाकी ताडपत्री काढा, पेंड होती तेवढीच ठेवा आणि संध्याकाळचा कडबा वाढवा.

कडबाच का, हे समजायला १९०२ सालच्या अमेरिकेत जावं लागतं. पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज या गावी हेन्री प्रेंटिस आर्म्सबी यांनी बैल मावेल एवढी एक खोली तयार केली. भिंतींतून उष्णता झिरपू नये अशी व्यवस्था, आणि आत पाण्याच्या नळ्या. बैलाच्या अंगातून निघालेली उष्णता हे पाणी बाहेर नेई. पाणी किती वाहिलं आणि किती अंशांनी तापलं, यावरून बैलाने किती उष्णता टाकली ते कळे. शिवाय चारा तोलायचा, शेण तोलायचं, मूत मोजायचं, श्वासातली हवा तपासायची. विल्बर ॲटवॉटर यांनी असंच यंत्र माणसांसाठी केलं होतं, पण माणसाला गप्प पडून राहा असं सांगता तरी येतं. आर्म्सबींचा बैल मनाला येईल तेव्हा उठे, मनाला येईल तेव्हा बसे. तेही वाया गेलं नाही. बसलेल्या बैलापेक्षा उभा बैल जास्त उष्णता टाकतो, हे त्यातूनच हाती लागलं. (मला ही खोली फार आवडते. ती अजून तिथे जपून ठेवली आहे.)

आर्म्सबींना दिसलं ते असं: खाल्लं की जनावराच्या अंगची उष्णता वाढते, आणि मक्याच्या दाण्यांपेक्षा वाळल्या गवतातली ऊर्जा अशी उष्णता होऊन जास्त निघून जाते. त्यांच्या लेखी हा तोटा होता. तो वजा करून जे उरेल तीच चाऱ्याची खरी किंमत, असं त्यांनी मांडलं. पशुखाद्याचा हिशेब आजही याच रीतीने होतो, तरी आर्म्सबींचं नाव फारसं कुणाला आठवत नाही.

थंडीत हाच तोटा कामाला येतो. डिसेंबरातल्या सकाळी उकिरडा उकरला की वाफ निघते, कारण आत सूक्ष्मजीव काडीकचरा फोडत असतात. गाईच्या कोठीपोटात हवेविना तसंच काम चालतं, तेही शंभराहून अधिक लिटरच्या जागेत आणि एकोणचाळीस अंशांच्या आसपास. खाल्ल्यावर काही तासांनी ते जोरात येतं. म्हणून सकाळी सहाला टाकलेल्या कडब्याची ऊब दुपारी मिळते, जेव्हा तिची गरज नसते. दिवे लागल्यानंतर टाकलेल्या कडब्याची ऊब मध्यरात्रीनंतर मिळते. चोथा फुटताना तयार होणाऱ्या ॲसिटेटपासून दुधातलं फॅटही बनतं, हा वरचा फायदा.

एरवी पोटभर खाणारी, दूध देणारी, अंग कोरडं असलेली मोठी गाय शून्याखालचं तापमानही सोसते. देशी गाईला थंडी जरा आधी जाणवते, एवढंच. ओल्या अंगाने मात्र पंधरा अंशांनाच हुडहुडी भरते. म्हणून ‘हिवाळा स्पेशल’ पावडरीच्या डब्यापेक्षा कोरड्या भुशावर पैसे घालावेत.

गार पाण्याचा बाऊ केला जातो, तोही हिशेबात बसत नाही. चौदा अंशांचं तीस लिटर पाणी अंगाच्या तापमानाला आणायला ७५० किलोकॅलरी लागतात. अर्धा किलो कडबा ते भागवतो. खरी अडचण ही की गार पाणी गाय कमी पिते आणि मग खातेही कमी. रात्रभर हौदात राहिलेलं पाणी पाजू नये. बोअरचं ताजं पाणी वर्षाच्या सरासरी तापमानाच्या जवळ असतं, म्हणजे आपल्याकडे चांगलंच कोमट.

वासराचं तसं नाही. नुकत्याच जन्मलेल्या वासराचं कोठीपोट चालूच नसतं, त्यामुळे आतून ऊब नाही, आणि पंधरा अंशांखालीच त्याची साठवलेली चरबी खर्ची पडू लागते. करडाचंही तेच. गोणपाट, कोरडा पेंढा आणि पहिल्या काही तासांत चीक, या तीन गोष्टी वासराच्या वाट्याला आधी याव्यात. ताडपत्रीही फक्त उत्तरेकडून, जनावराच्या उंचीएवढी बांधावी. गोठा पूर्ण बंद केला की मुताचा अमोनिया आणि श्वासाची वाफ आत कोंडते, आणि न्यूमोनियाला वाट मिळते.

रात्रीच्या वैरणीची आणखी एक करामत कॅनडातल्या मॅनिटोबाच्या गस कोनेफाल या शेतकऱ्याने दाखवली. तो गाभण गाईंना रात्री उशिरा खायला घाली आणि त्याच्या बहुतेक गाई दिवसाउजेडी व्यायच्या. पुढे इतरांनीही हे करून पाहिलं, पण मुख्यतः मांसासाठी पाळलेल्या कळपांवर. आपल्या दोन-तीन गाईंच्या गोठ्यात ते तितकंच साधेल असं छातीठोक सांगता येणार नाही. मात्र आटवलेल्या गाभण गाईची वैरण दोन-तीन तास उशिरा टाकायला वेगळा खर्च नाही, आणि साधलं तर जानेवारीतली एखादी जागरणाची रात्र टळेल.