पणजीचं नाव चालतं, आजीचं नाही

मेरी ७,०६५. ॲना २,६०४. एमा २,००३. एलिझाबेथ १,९३९. मिनी १,७४६. अमेरिकेच्या सरकारी नोंदींत १८८० साली जन्मलेल्या मुलींची ही पहिली पाच नावं. पुढच्या पाचांत मार्गारेट, आयडा, ॲलिस, बर्था आणि सेरा. आज तिथलं तरुण जोडपं मुलीसाठी ‘विंटेज’ नाव शोधायला बसलं, की याच यादीतून एमा किंवा ॲलिस उचलतं. बर्थाला मात्र कुणी विचारत नाही. नावं सगळी एकाच वयाची, मग हा भेदभाव कशामुळे?

आधी हे आकडे आले कुठून ते पाहू. अमेरिकेत सोशल सिक्युरिटीचा (सरकारी निवृत्तिवेतनाचा) कायदा १९३५ साली झाला आणि १९३६ पासून माणसांना क्रमांक मिळू लागले. म्हणजे १८८०ची मुलगी या मोजणीत यायची तर ती छप्पन्न वर्षं जगायला हवी आणि तिने कार्डासाठी अर्ज करायला हवा. लहानपणी गेलेल्या आणि जन्मभर चूल सांभाळणाऱ्या कितीतरी जणी यातून निसटल्या. त्यामुळे जुन्या वर्षांतल्या संख्या प्रत्यक्षापेक्षा कमी आहेत. क्रम आणि टक्के मात्र बऱ्यापैकी भरवशाचे. वर्षाला पाचपेक्षा कमी मुलींना मिळालेलं नाव खासगीपणा जपण्यासाठी यादीत घेतच नाहीत. हा खजिना लोकांसमोर आला तो १९९७ साली, मायकेल शॅकलफर्ड या सोशल सिक्युरिटी खात्यातल्याच विमागणितज्ञामुळे. आपल्या होणाऱ्या बाळाला फार वापरातलं नाव नको, म्हणून त्याने मोजणी केली. त्याचं दुखणं समजण्यासारखं होतं: १९५४ ते १९९८ या काळात १९६० वगळता दरवर्षी मुलांमध्ये मायकेलच पहिला होता.

आता पिढ्यांचा हिशेब. २०१७ साली एव्हलिन हे नाव अमेरिकेत पहिल्या दहांत आलं. ते याआधी इतकं वर होतं १९१५च्या सुमारास. मधल्या काळात, १९८०च्या दशकात, ते दोनशेच्याही खाली घसरलं होतं. २०१७ साली आई झालेली बाई साधारण १९८७ची धरू. तिची आई १९६०ची, म्हणजे एखादी सूझन किंवा डेब्रा. आजी १९३३च्या आसपासची, म्हणजे बेटी, बार्बरा नाही तर शर्ली. एव्हलिन आणि हेझल या पणज्या. आईचं नाव रोजच्या कटकटीतलं. आजीच्या नावाला औषधांचा वास, कानाचं यंत्र, वृद्धाश्रमातली खोली. पणजी मात्र फक्त फोटोत, आणि फोटोतली पणजी बहुधा विशीची. नाव परत यायला शंभरेक वर्षं लागतात ती यासाठी: त्या नावाची म्हातारी माणसं बघितलेली पिढी बाळंतपणाच्या वयातून पुढे सरकावी लागते. हेझल १९७०च्या दशकात पहिल्या हजारांतूनही बाहेर गेली होती, ती नव्वदीच्या अखेरीस आत आली आणि आता पहिल्या तिसांत आहे.

पण नुसती शंभर वर्षं भरून भागत नाही. इंग्लंड-वेल्सच्या १९०४च्या यादीत मेरीच्या खालोखाल फ्लॉरेन्स दुसरी होती आणि डॉरिस तिसरी. २०२१ साली फ्लॉरेन्स आठव्या क्रमांकावर होती. डॉरिस मात्र परतलेली नाही. अमेरिकेत १९१०च्या दशकात मिल्ड्रेड पहिल्या दहांत, एव्हलिनच्याही पुढे होती. तिचाही पत्ता नाही.

इथे कानाचा प्रश्न येतो. हार्वर्डचे समाजशास्त्रज्ञ स्टॅन्ली लीबरसन यांनी २०००च्या पुस्तकात हेच मांडलं: नावांची फॅशन बाहेरच्या घटनांपेक्षा आतूनच, ध्वनींच्या ओढीने सरकते. आजच्या कानाला स्वर हवेत आणि ‘ल’ हवा. २०२१ची इंग्लंड-वेल्सची पहिली पाच पाहा: ऑलिव्हिया, अमेलिया, आयला, एव्हा, आयव्ही. ऑलिव्हिया रोमन लिपीत लिहिली तर सहा अक्षरांत चार स्वर. मिल्ड्रेडच्या सात अक्षरांत दोन, आणि शेवटी ‘ड’चा धक्का. गर्ट्रूड, एथेल, बर्था यांचीही गत तीच. विंटेज म्हणून जे मिरवतं ते बरंचसं आजच्या चवीने चाळलेलं असतं, असं माझं मत आहे. चाळणीवर जे उरलं त्याची आठवण कुणी काढत नाही, म्हणून जुनी नावं परत येतात हा समज पक्का होतो.

दूरदर्शन आणि राजघराणं यांना मात्र गरजेपेक्षा जास्त श्रेय मिळतं. ‘फ्रेंड्स’ मालिकेतल्या रेचलने मे २००२ मध्ये मुलीचं नाव एमा ठेवलं आणि म्हणून एमा आली, असं सर्रास सांगतात. एमा २००१ सालीच तेराव्या क्रमांकावर होती. २००२ला चौथी, २००३ला दुसरी झाली, म्हणजे मालिकेने धक्का दिला, पण गाडी आधीपासून उतारावर होती. शार्लटचं तर आणखी उघड आहे. ब्रिटिश राजकन्या २ मे २०१५ला जन्मली. अमेरिकेत शार्लट २०१४मध्येच पहिल्या दहांत पोचली होती.

गर्दीत हरवण्याची भीती कितपत खरी? १८८०मध्ये दर १०० मुलींत मेरी सातहून जास्त होत्या. २०२२ची अव्वल ऑलिव्हिया शंभरात एकसुद्धा भरत नाही. वर्गात तेरा मुली धरल्या, तर मेरीला वर्गात आणखी एखादी मेरी भेटण्याची शक्यता ५९ टक्के निघते, ऑलिव्हियाला आणखी एखादी ऑलिव्हिया भेटण्याची सुमारे ११ टक्के. १८८०च्या नोंदींत मुलींची वेगवेगळी नावं हजाराच्या आत होती. २०१०च्या दशकात ती बहुतेक वर्षं १८ हजारांच्या पुढे होती. पहिला नंबर म्हणजे आता पूर्वीचा पहिला नंबर नव्हे. या सगळ्या चढउतारांबाहेर राहिली ती एलिझाबेथ. ती १८८०पासून कधी पहिल्या तिसांच्या बाहेर गेलीच नाही. तिला विंटेज म्हणणं म्हणजे रोज नेसायच्या साडीला पैठणी म्हणण्यासारखं आहे.

एखाद्या नावाचं वय गावागावांत किती वेगळं असतं, याचा मासला मराठी घरांनाच सापडेल. माया म्हटलं की आपल्यापुढे उभी राहते ती मावशीच्या किंवा आत्याच्या वयाची बाई. अमेरिकेत माया पहिल्या शंभरांत आहे आणि बालवाडीत जाते. न्यू जर्सीतल्या मराठी जोडप्याने मुलीचं नाव माया ठेवलं, तर शाळेत ते ताजं आणि पुण्याच्या आजीला पंचवीस-तीस वर्षं उशिरा आल्यासारखं वाटणार. आपल्याकडे अशी मोजणी करायची तर एक मोठी अडचण आहे. लग्नात मुलीचं नाव बदलण्याची रीत. पणजी माहेरी गोदावरी असेल आणि सासरी लक्ष्मी. जन्मनोंदीत एक नाव, घरातल्या आठवणीत दुसरं. ‘पणजीचं नाव ठेवू या’ असं ठरलं तरी कोणतं, यावर बारशाच्या आदल्या रात्रीपर्यंत वाद चालू शकतो.

नव्याने आई होणाऱ्यांना माझ्या मते सर्वांत उपयोगाचा अभ्यास जोना बर्गर आणि गाएल ल मेन्स यांचा आहे, २००९चा. फ्रान्स आणि अमेरिका, दोन्हीकडची शतकभराची नावं तपासून त्यांनी दाखवलं की झपाट्याने चढलेलं नाव झपाट्यानेच उतरतं. शर्ली पाहा. बालतारका शर्ली टेंपलच्या लाटेत १९३५ला ४२ हजारांहून अधिक मुली शर्ली झाल्या, आणि ते नाव त्या दशकाला चिकटून राहिलं. लिंडाची गोष्ट त्याहून मोठी. १९४७ साली ९९ हजारांवर मुलींचं नाव लिंडा ठेवलं गेलं. अमेरिकेत एका वर्षात एका नावाला मिळालेला हा आजवरचा सर्वांत मोठा आकडा. त्याच सुमारास त्या नावाचं गाणं घरोघरी रेडिओवर वाजत होतं. मेरीची १८८०पासूनची सलग सद्दी लिंडाने मोडली. १९५३ला मेरी परत वर आली आणि लिंडा खाली सरकत गेली. शंभर वर्षांच्या हिशेबाने लिंडाची पाळी २०५०च्या आसपास येते. ‘ल’ आहे, शेवटी ‘आ’ आहे, कानाची अट ती पुरी करते. चढण्याच्या वेगाच्या अटीत मात्र ती बसत नाही, त्यामुळे मी डॉरथीवर पैज लावीन. ती हळू चढली, हळू उतरली, आणि २०११ साली अमेरिकेच्या पहिल्या हजारांत परतलीसुद्धा.