हशाची जागा राखणारा दिग्दर्शक

बिली वाइल्डरच्या 'सम लाइक इट हॉट' (1959) या चित्रपटाच्या निर्मितीचे किस्से आजही चवीने सांगितले जातात. मेरिलिन मन्रोला साधी वाक्यं जमेनात, रंगाचा बेत सोडावा लागला, शेवटचा संवाद तर तात्पुरता म्हणून लिहिला होता. ऐकणाऱ्याला वाटावं, की एवढ्या गोंधळातून चित्रपट केवळ नशिबाने तरला. मला हे मान्य नाही. तेच किस्से बारकाईने पाहिले, तर अडचणीला कामाला लावणारा कारागीर दिसतो.

गोष्ट 1929 सालची आहे. शिकागोतलं टोळीयुद्धाचं हत्याकांड पाहिलेले दोन वादक जीव वाचवण्यासाठी लुगडी नव्हे, पण झगे चढवून बायकांच्या वाद्यवृंदात शिरतात. रंगीत चाचणीत हे वादक साकारणाऱ्या टोनी कर्टिस आणि जॅक लेमन यांचे रंगवलेले चेहरे हिरवट दिसले. मन्रोला चित्रपट रंगीतच हवा होता. चाचणी पाहून ती राजी झाली. कृष्णधवल छायाचित्रणाने रंगभूषा तर पचवलीच, शिवाय जुन्या गुंडपटांचा बाजही आणला. पात्रनिवड त्याच धोरणाची होती. टोळीप्रमुखाच्या भूमिकेत जॉर्ज राफ्ट आहे. 1932 च्या 'स्कारफेस'मध्ये नाणं उडवत राहणारा गुंड त्यानेच रंगवला होता. इथे एक पोरगेला गुंड नाणं उडवतो, तेव्हा राफ्ट त्यालाच खडसावतो. नटाचा पूर्वेतिहास असा विनोदाचं भांडवल होतो.

सगळ्यात बोलका पुरावा हॉटेलच्या खोलीतला आहे. स्त्रीवेषातला लेमन एका लक्षाधीशाशी लग्न ठरल्याची बातमी आनंदाने देतो आणि प्रत्येक वाक्यानंतर हातातले खुळखुळे वाजवत गिरकी घेतो. हे खुळखुळे वाइल्डरने मुद्दाम दिले होते. प्रेक्षागृहातल्या हशात पुढचं वाक्य बुडू नये, म्हणून तेवढा अवकाश त्याने आधीच राखून ठेवला. रंगमंचावरचा नट हसू ओसरेपर्यंत थांबू शकतो, पडद्यावरचा नाही. शिवाय रिकामी जागा नुसती सोडली असती, तर प्रसंग लंगडा पडला असता. इथे थांबणंच पात्राचा उन्माद दाखवतं.

यावर कुणी म्हणेल, मन्रोच्या रीटेकमध्ये कसली आली कारागिरी? ओळी विसरू नयेत म्हणून कपाटाच्या खणांत चिटकवाव्या लागल्या, सहकलाकार थकून गेले, हे खरंच. पण कोणता टेक ठेवायचा हा निर्णय उरतोच, आणि वाइल्डरने तिचा उत्तम टेक निवडला. म्हणूनच मन्रोने साकारलेली शुगर पडद्यावर सहज, निरागस वाटते. शेवटच्या संवादाचंही तसंच. सहलेखक आय. ए. एल. डायमंडने सुचवलेलं ते वाक्य अधिक चांगलं सापडेपर्यंतच ठेवायचं ठरलं होतं. मात्र लेमन टोप उतरवून आपण पुरुष असल्याचं सांगतो, आणि जो ई. ब्राउनचा लक्षाधीश जराही विचलित होत नाही, हा सापळा त्याआधी पायरी-पायरीने रचलेला आहे. त्या रचनेमुळेच तात्पुरतं वाक्य कायमचं ठरलं. नशीब बऱ्याच सेटवर डोकावतं; त्याला बसायला जागा मात्र दिग्दर्शकालाच करावी लागते.